नाकपुड्यांचा घोळ

दि. ४ फेब्रुवारी

चि. फुग्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू दोन वाक्यं धड बोलला नाहीस तोच जो ठसका लागला, तो ऐकून इकडे माझा जीव घाबरा झाला. तेव्हा आजपासून आपला फोन बंद. पत्र लिहायचं. लिहिताना खोकला आला तर पेन खाली ठेवता येतं, आणि मला तो ऐकावा लागत नाही. शिवाय फोनवर तू नुसतं बरं आहे, बरं आहे करतोस. कागदावर तेवढंच लिहिलंस तर कागद वाया गेल्याची तुला लाज वाटेल, एवढा तरी तू चिकट आहेस.

इकडची बातमी म्हणजे मी प्राणायामाच्या वर्गाला जायला लागले. हसू नकोस. गुडघे कुरकुरतात, म्हणून म्हटलं बघावं. वाचनालयाच्या वर मोठी खोली आहे, तिथं सकाळी असतो. सर शिडशिडीत आहेत आणि आवाज इतका बारीक की पुढं बसल्याशिवाय काही कळत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी मी पुढच्या रांगेत चटई टाकली. माझ्या शिवणाच्या वर्गातसुद्धा ज्यांना शिकायचंय त्या पुढं बसतात आणि ज्यांना गप्पा मारायच्यात त्या खिडकीशी.

आता जातेच आहे तर तुलाही शिकवते. त्या आजारपणानं तुझी छाती खिळखिळी करून टाकलीय आणि तुझा धंदाच काच फुंकण्याचा. नीट वाच. ताठ बस. डाव्या हाताचा अंगठा डाव्या नाकपुडीवर ठेव. उजवीनं श्वास आत घे, ह्याला पूरक म्हणतात. मग करंगळीशेजारच्या बोटानं उजवीही बंद कर. आता दोन्ही बंद. इथं थांबायचं, ह्याला कुंभक म्हणतात, आणि सगळं पुण्य ह्यातच आहे. जितका धरवेल तितका धर. मग डावीनं सोड, तो रेचक. पुढं हेच उलट. तुझे भाऊजी मला असं बसलेलं बघून गेले आणि जाता जाता विचारून गेले की सर्दी कधीपासून झाली.

धाकटीला माझे आशीर्वाद सांग, आणि नवऱ्यावर लक्ष ठेव म्हणावं. पत्राची वाट बघते, आणि बोलणं कमी कर.

तुझी,
ताई


दि. १२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. हिनं ते स्वयंपाकघरात उभं राहून मोठ्यानं वाचलं आणि मी समोर बसून करत गेलो. ही वाचताना मध्येच चहा गाळायला गेली, तेव्हा माझ्या दोन्ही नाकपुड्या बंद होत्या आणि पुढची ओळ तिच्या हातात. चहा होईपर्यंत माझा कुंभक झाला. तुला पुण्य लागलं असेल तर माझ्या नावावर लिही.

पण ताई, एक गोष्ट कळत नाही. श्वास घेताना पोट आत जायला हवं की बाहेर यायला हवं? माझं आत जातं. ही म्हणते, बाहेर यायला हवं. आमच्या कारखान्याचे डॉक्टर म्हणतात, पोटाकडे लक्षच देऊ नका. आणि लक्ष द्यायचं नाही म्हटलं की माझं सगळं लक्ष पोटातच जातं.

मला घाई आहे, ती का ते सांगतो. आमचे वस्ताद मार्चअखेर निवृत्त होतायत. बागेतल्या दिव्यांचे मोठे काचगोळे, कलिंगडाएवढे, ते आमच्याकडे दोघंच फुंकायचे, वस्ताद आणि मी. आजारपणापासून मला तपासणीच्या टेबलावर बसवलंय. दुसऱ्यांनी फुंकलेली काच उजेडात धरायची आणि तिच्यातले बुडबुडे शोधायचे. साहेबांचं म्हणणं असं, की वस्ताद जायच्या आत मी त्यांच्यासमोर एक मोठा गोळा फुंकून दाखवायचा. जमला तर वस्तादांची जागा माझी. नाही जमला तर दुसऱ्या कारखान्यातून माणूस आणणार आणि मी कायमचा टेबलावर.

वस्तादांची परीक्षा कशी असते ते तुला माहीत नाही. ते बोलत नाहीत. गोळा बघतात आणि बोट दाखवतात. बोट निवणीच्या भट्टीकडे गेलं की गोळा पास; तिथं काच रात्रभर हळूहळू थंड होते. बोट फुटक्या काचेच्या पेटीकडे गेलं की पेटीत. पहिल्या वर्षी माझे सगळे गोळे पेटीत गेले आणि मी रोज घरी येऊन रडायचो, ते तुला आठवत असेल.

ताई, मला त्या टेबलाशी म्हातारं व्हायचं नाही. तेव्हा छातीत जोर येईल असं जे असेल ते सगळं लिही. मी करीन.

भाऊजींना नमस्कार. माया असू दे.

तुझा,
फुग्या


दि. १९ फेब्रुवारी

चि. फुग्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हे पत्र हातात पडताच आधीचं फाडून टाक. निदान धाकटीला तरी पुन्हा मोठ्यानं वाचू देऊ नकोस.

झालं असं, की सर मुलीकडे गेलेत आणि त्यांच्या जागी एक बदली बाई आल्यात. ह्या समोर बसत नाहीत, पाठीमागून फिरतात. परवा माझ्या पाठीशी येऊन थांबल्या आणि विचारलं की तुम्ही डावखुऱ्या आहात का. मी नाही म्हटलं. मग डावा हात नाकावर कशाला, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, सर असंच करतात. आणि तोंडातून शब्द बाहेर पडता पडताच माझ्या डोक्यात उजेड पडला. सर माझ्याकडे तोंड करून बसतात! त्यांचा उजवा हात माझ्या डाव्या बाजूला दिसतो, आणि मी आरशात बघावं तसं सगळं उलटं उचललं. इतकी वर्षं मुलींना ओरडत आले की दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कापू नका, कापड उलटवून बघा, आणि स्वतः नाकाच्या बाबतीत तेच करून बसले. वर्गात तोंड वर करायची सोय राहिली नाही.

तर आता असं. उजवा हात. अंगठा उजव्या नाकपुडीवर. आधी डावीनं श्वास घ्यायचा. माझ्या शेजारच्या आजी म्हणतात, उजवीनं घेऊन डावीनं सोडला की ते सूर्यभेदन, अंगात ऊब येते. डावीनं घेऊन उजवीनं सोडला की चंद्रभेदन, थंडावा येतो. म्हणजे भट्टीसमोर उभं राहणाऱ्या माणसाला मी पत्रानं ऊब पाठवली! आता डावीपासून सुरू कर.

पुढचा घोळ नावांचा. हे जे आलटून पालटून करायचं त्याला सर अनुलोम-विलोम म्हणतात. नाडीशोधन वेगळं, एकात श्वास धरायचा आणि दुसऱ्यात नाही, असं त्यांनी सांगितलेलं मला पक्कं आठवतं. बदली बाई म्हणतात, दोन्ही एकच, उगीच डोक्याला ताप करून घेऊ नका. आता कोणत्यात धरायचा ते मला काही केल्या आठवेना. तू आपला धर. धरलेला बरा.

बाईंनी आणखीही शिकवलंय. भस्त्रिका म्हणजे लोहाराच्या भात्यासारखं, आत जोरात, बाहेरही जोरात. कपालभातीत फक्त बाहेर झटके द्यायचे, पोट आत मारून. आत श्वास आपला आपण येतो. मात्र कपालभाती हा मुळी प्राणायामच नाही, ती शुद्धिक्रिया, असंही त्याच म्हणाल्या. मग प्राणायामाच्या वर्गात का शिकवता, असं मी विचारलं. त्यावर त्यांनी मला डोळे मिटायला सांगितले. उज्जायी म्हणून एक आहे, त्यात घशातून घरघर काढत श्वास घ्यायचा. ते तुझ्या भाऊजींना झोपेत येतं. शीतलीत जिभेची नळी करून तिच्यातून हवा ओढायची. लहानपणी तू तशी नळी करून मला वेडावायचास आणि मला ती जमायची नाही. अजूनही जमत नाही. माझ्यासारख्यांसाठी सीत्कारी असते, दात मिटून फटीतून हवा घ्यायची.

पोटाचं विचारलंस. घेताना पोट बाहेर, सोडताना आत. मीही आजवर उलटंच धरून चालले होते, कारण माप घ्यायला टेप लावला की प्रत्येक बाई श्वास घेते आणि पोट आत ओढते. त्यांचं खरं माप मला कधी मिळालंच नाही म्हणायचं.

सगळं कर. काहीतरी लागू पडेल.

जीव लावून बसलेली,
ताई


दि. १ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सगळं करतोय. सकाळी डावीनं सुरू करतो, मग आधी उजवीनं केलेलं फिटावं म्हणून आणखी थोडं डावीनं करतो. त्यामुळे आता ऊबही वाटत नाही आणि थंडावाही वाटत नाही. भस्त्रिका केली की शेजारचे विचारतात, मशीन कसलं आणलं. शीतली करताना आरशात बघितलं आणि मलाच हसू आलं, त्यात खोकला आला.

कपालभातीचा मात्र घोटाळा झाला. जेवणाच्या सुट्टीत भट्टीवर कोणी नव्हतं. म्हटलं, मोठा नको, लहानसा चंबू फुंकून बघू. काच घेतली, फिरवली, फुंकणी ओठाला लावली. सलग फुंक काही निघेना. मग तुझं पत्र आठवलं आणि पोट आत मारून झटके दिले. ताई, चंबू झाला, पण प्रत्येक झटक्याला एक वळी, अशी त्याची सुरवंटासारखी गत झाली. तेवढ्यात वस्ताद हात धुऊन आले. मी पेटीकडे वळलो होतो, पण त्यांनी तो मागून घेतला, निवल्यावर आपल्या खिडकीत ठेवला आणि त्यात पेन्सिली घातल्या. बोट कुठंच दाखवलं नाही. ह्याचा अर्थ काय घ्यायचा?

श्वास धरण्यात मात्र मी पटाईत झालोय. टेबलावर एक गोळा उचलला की धरतो, आणि तपासून खाली ठेवला की सोडतो. जिन्यात धरतो. काल साहेब काहीतरी विचारत होते तेव्हाही धरलेलाच होता, त्यामुळे उत्तर देता आलं नाही. एवढा धरता येतो म्हणजे छातीत दम आला असणार ना? मग फुंकणी ओठाला लावली की असं का होतं ते कळत नाही. जाऊ दे, ते नंतर लिहीन.

भाऊजींना नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत?

तुझा गोंधळलेला,
फुग्या


दि. ५ मार्च

ती. ताईंना,
सा. न. वि. वि.

यांना न सांगता लिहितेय, चष्म्याच्या दुकानात काउंटरवर बसून. मध्येच गिऱ्हाईक आलं तर अक्षर वाकडं होईल, चालवून घ्या.

ताई, तुम्ही एवढ्या तळमळीनं लिहिता आणि हे एवढ्या निष्ठेनं करतात, की मला मध्ये बोलवत नव्हतं. पण आता घरात कठीण झालंय. हे जेवताना श्वास धरतात. चेहरा लाल होतो, डोळे ताटावर. रागावलेत की प्राणायाम चाललाय ते मला ओळखू येत नाही. काल मी निमूट दुसऱ्यांदा वाढलं, तर ते खरोखरच रागावलेले होते आणि मला वाटत होतं कुंभक आहे.

आणि दुसरं, जे मी सांगू नये असं यांनी बजावलंय. यांची छाती बरी आहे. डॉक्टरांनी महिन्यापूर्वीच सांगितलं, फोटो स्वच्छ आहे, जोर पहिल्यासारखा आहे, बोलताना ठसका लागतो तो काही दिवसांत जाईल. परवा माळ्यावरून प्रवासाची हवेची उशी काढली, तर यांनी बोलता बोलता ती एका दमात फुगवून दिली. मग माझ्याकडे बघितलं आणि उशीतली हवा काढून टाकली, जसं काही मी बघितलंच नाही.

मग फुंकणीशी काय होतं? ज्या दिवशी आजारी पडून घरी आले त्या दिवशी यांच्या बुटात काचेचा चुरा होता. विचारलं तर म्हणाले, कारखान्यात काच असतेच. तुम्ही विचारलंत तर कदाचित सांगतील. मला यांची फार काळजी वाटते.

गिऱ्हाईक आलं. तुमचा हात असाच आमच्या पाठीवर असू द्या.

आपली,
धाकटी


दि. ९ मार्च

चि. फुग्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सगळं बंद कर. डावी बंद, उजवी बंद, म्हणजे नाकपुड्या नव्हेत, प्राणायाम बंद. जेवताना तर मुळीच नको.

छातीचा फोटो स्वच्छ आहे हे मला कोणी सांगितलं ते विचारू नकोस. घरात तुम्ही दोघंच आहात, तेव्हा ओळखशीलच, आणि तिला एक शब्द बोललास तर माझ्याशी गाठ आहे.

मला आता काही म्हणजे काही कळेनासं झालंय. छातीत जोर आहे, श्वास धरता येतो, उशी फुगते, मग फुंकणीनं काय घोडं मारलंय? मी तुला औषध कशावर देत होते? मला सरळ सांग, त्या दिवशी भट्टीवर काय झालं. आणि त्या दिवसापासून फुंकणी ओठाला लावली की काय होतं. हसण्यावारी नेऊ नकोस.

उत्तर लगेच पाठव.

ताई


दि. १४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मला राग आला. अजूनही आहे. मी काय शाळकरी पोर आहे? माझ्या पाठीमागं तुम्ही दोघी माझ्या छातीचे फोटो एकमेकींना कळवता. हिच्याशी मी बोललो नाही. म्हणजे रागावून बोललो नाही असं नाही, मुळीच बोललो नाही. मग संध्याकाळी तिनं विचारलं, कुंभक चाललाय का, आणि मला हसू फुटलं. तिथं राग संपला. तुझ्यावरचा थोडा शिल्लक आहे.

तर ऐक. त्या दिवशी मोठा गोळा माझ्या फुंकणीवर होता, जवळजवळ पूर्ण झालेला. छातीत आधीपासून घरघर होती, पण मी कुणाला सांगितलं नव्हतं. फुंकता फुंकता खोकल्याची उबळ आली. तुला माहीत नसेल, खोकला बाहेर पडायच्या आधी माणूस श्वास आत ओढतो. आणि फुंकणीतून आत ओढायचं नाही, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात. पलीकडच्या टोकाला काय असतं ते तुला सांगायला नको. माझ्या जिभेपर्यंत ती गरम हवा आली. मी फुंकणी टाकून दिली. गोळा खाली पडला आणि समोर उभ्या असलेल्या माणसाच्या पायाशी फुटला. त्याला काही झालं नाही. तो मला धीर देत होता आणि मी खोकत होतो.

तेव्हापासून फुंकणी ओठाला लागली की घसा मिटतो. छातीत श्वास भरलेला असतो, ताई, गच्च भरलेला. पण सुटत नाही. दार आतून लावल्यासारखं होतं. मला वाटलं, दम कमी पडतोय म्हणून असं होत असेल. तू धरायला शिकवलंस तर मी धरायला शिकलो. आता तर इतका छान धरता येतो, की सुटायचं नावच नाही.

मला भीती वाटते. हे मी हिलाही सांगितलं नव्हतं, काल सांगितलं. वस्तादांनी महिनाअखेरची तारीख दिलीय.

फुग्या


दि. १८ मार्च

चि. फुग्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सर परत आलेत. वर्ग संपल्यावर मी त्यांना गाठलं आणि तुझी सगळी हकीकत सांगितली. म्हणजे फुंकणी, गोळा, खोकला, मिटलेला घसा, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, श्वास धरायला तुम्हाला कोणी सांगितलं? मी म्हटलं, तुम्हीच. ते म्हणाले, तुम्ही कुठं बसता? मी अभिमानानं सांगितलं, पुढच्या रांगेत.

फुग्या, पुढची रांग जुन्या लोकांची असते. वर्षानुवर्षं करणाऱ्यांची. कुंभक त्यांच्यासाठी होता. नव्यांनी सुरुवातीला श्वास मुळीच धरायचा नाही, नुसता घ्यायचा आणि सोडायचा, असं सर पहिल्याच दिवशी सांगत फिरले होते, पण मागच्या रांगांतून. आणि मी त्यांच्याकडे पाठ करून पुढं बसले होते, मोठी हुशार म्हणून. जे मला करायचं नव्हतं ते मी तुझ्याकडून करून घेतलं, आणि तेही नेमकं तुला नको होतं तेच. दोन दिवस मला शिवणयंत्रावर बसवेना. तुझ्या भाऊजींनी विचारलं, तर त्यांच्यावरच खेकसले.

सर म्हणाले, भीतीनं ज्याचा श्वास अडतोय त्याला धरायला शिकवू नये, सोडायला शिकवावं. त्याला भ्रामरी म्हणतात. तोंड मिटायचं आणि भुंग्यासारखा आवाज काढत श्वास हळूहळू सोडायचा. आवाज चालू आहे तोवर श्वास बाहेर जातोच. आवाज काढायचा आणि श्वासही अडवायचा, असं दोन्ही एकदम कुणालाच जमत नाही. तू करून बघ. मी करून बघितलं, खरंच जमत नाही.

पण फुंकणी तोंडात असताना हे कसं करायचं, ते सरांना माहीत नाही. मलाही माहीत नाही. मला माहीत नाही असं मी तुला आजवर कधी लिहिलं असेल असं वाटत नाही, तेव्हा हे पत्र जपून ठेव. ह्या वेळी तुझं तुलाच बघावं लागेल.

आणि खोकला आला तर येऊ दे. काच फुटेल. फुटू दे. तू टेबलावर बसलास तरी माझा भाऊच राहशील, आणि मी बागेतल्या दिव्यांकडे बघणार नाही, एवढंच.

तुझी,
ताई


दि. २७ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आज झालं. लगेच लिहायला बसलोय.

सकाळपासून सगळे कामं सोडून सोडून येत होते, कुणाला कात्री हवी होती, कुणाला पाणी. वस्ताद लोखंडी पाटाशी उभे. मी फुंकणी भट्टीत घातली, काच गुंडाळून घेतली, पाटावर फिरवून गोल केली. फुंकणी ओठाला लावली आणि झालं, घसा बंद. अगदी नेहमीसारखा. काच निवत चालली होती आणि मी उभा, गच्च भरून.

मग मी गुणगुणलो. फुंकणी तोंडातच ठेवून, भुंग्यासारखं. आधी जरासं, घाबरत. सरांचं म्हणणं खरं निघालं, आवाजाबरोबर हवा आपोआप गेली. आवाज फुंकणीतून असा काही घुमला, की पाणी प्यायला आलेले दोघं वर बघायला लागले, गांधीलमाशी शिरली का म्हणून. टोकाला छोटासा फुगा धरला. पुन्हा काच घेतली, पुन्हा गुणगुणलो. मग कधीतरी आवाज थांबला आणि नुसती फुंक राहिली. कधी ते मला सांगता येणार नाही.

गोळा निम्म्यावर आला आणि घशात खवखवलं. ताई, तीच उबळ. त्या एका क्षणात मला तो सगळा दिवस पुन्हा दिसला. पण आपला हात आपलं काम जाणतो. मी तोंड बाजूला केलं आणि फुंकणीच्या भोकावर अंगठा ठेवला. बस्स. हवा आतच राहिली. मी मान वळवून मनसोक्त खोकलो, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, एका हातानं फुंकणी फिरवत. मग अंगठा काढला आणि पुन्हा ओठ लावले. हे आम्ही रोजच करतो, दम खाताना. मला तेवढं आठवायला हवं होतं, पण त्या दिवसानंतर हे डोक्यातून पार पुसलं गेलं होतं. अंगठा कुठं ठेवायचा ह्यावर तू इतकी पत्रं खर्च केलीस, त्यातलं काहीतरी कामाला आलं म्हणायचं.

गोळा झाला. किंचित तिरका आहे, डावीकडे. वस्तादांनी तो फुंकणीसकट उजेडात धरून फिरवला. खूप वेळ. मग त्यांचं बोट निवणीच्या भट्टीकडे गेलं.

पण अजून पक्कं नाही. काही गोळे थंड होताना रात्रीत तडकतात. सकाळी भट्टी उघडली की कळेल. कळलं की फोन करीन, तुझा हुकूम मोडून. तोवर तू श्वास धरू नकोस.

तुझा,
फुग्या


दि. ३० मार्च

चि. फुग्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा फोन आधी आला आणि पत्र आज आलं. त्यामुळे परवा सकाळी तू फोनवर एकदम वाक्याच्या मधूनच सुरुवात केलीस, की तडा नाही, कुठंही तडा नाही, तेव्हा कशाला तडा नाही ते मला कळायलाच वेळ लागला. मला वाटलं तुझ्या हाडाबिडाला काही झालंय.

मग तू बोलत राहिलास. वस्तादांनी गोळा स्वतः उचलून गवतात गुंडाळला आणि पेटाऱ्यात ठेवला. साहेबांनी हात मिळवला. सुरवंटाचा चंबू वस्ताद घरी घेऊन जाणार आहेत. धाकटीनं शेजाऱ्यांना मशीनचा खुलासा केला. तू बोलत होतास, बोलत होतास, आणि एकदाही ठसका नाही. मी त्याचीच वाट बघत होते, आता येईल, आता येईल. तो आला नाही.

मध्ये तू विचारलंस, ताई, ऐकतेस ना. पुन्हा विचारलंस. मग तुला वाटलं लाइन गेली, म्हणून हॅलो हॅलो करून ओरडायला लागलास. तेव्हा तुझ्या भाऊजींनी माझ्या हातातून फोन घेतला आणि तुला सांगितलं की दूध उतू चाललं होतं म्हणून ती आत गेली.

दूध वगैरे काही नव्हतं. मी तिथंच उभी होते, भिंतीला धरून. घसा असा मिटला होता की शब्द जाऊ दे, श्वाससुद्धा बाहेर येईना. डावी आठवून बघितली, उजवी आठवून बघितली, एवढे पैसे भरून शिकलेलं सगळं आठवून बघितलं. एक काही कामाला येईल तर शपथ. तुझ्या भाऊजींनी पाठीवर हात ठेवला तेव्हा कुठं सुटला, आणि सुटला तो रडूनच. आता तू फुंकणीशी कसा उभा राहत असशील ते मला कळलं. आधी कळलं असतं तर तुला एवढं छळलं नसतं.

आणि माझे गुडघे कसे आहेत ते तू मागं विचारलं होतंस, तर ते ठणठणीत आहेत. पहिल्यापासूनच होते. वर्ग मात्र सोडणार नाही. उद्यापासून मागच्या रांगेत बसते, खिडकीशी, नव्यांबरोबर.

रविवारी पुन्हा फोन कर. मी बोलले नाही तर लगेच ओरडत सुटू नकोस. कान देऊन ऐक. भुंग्यासारखा आवाज येत असला तर लाइन चालू आहे, आणि पलीकडे मी आहे असं समज.

दोघांनाही पोटभर आशीर्वाद. आहे तो लोभ तसाच राहू दे, आणि आता भरपूर बोल.

तुझी,
ताई